कट म्हणेपर्यंत

टहंगा, कॅलिफोर्निया
बुधवार, ३ ऑक्टोबर २०१८
(पांढरा कागद)

रॉयस,

तुझा पत्ता मार्गीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीन वेळा मागितला तेव्हा कुठे दिला, आणि तोही अलास्कातल्या एका पोस्टातला पेटी क्रमांक. फोन नंबर आपल्याकडे नाही असं ती म्हणते. चाळीस वर्षं डॅडचे सिनेमे काढणाऱ्या बाईवर किती विश्वास ठेवायचा ते तुला माझ्याइतकंच कळतं.

उत्तराची अपेक्षा नाही. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा आता एकदम माया दाखवणं बरं दिसणार नाही. फक्त कळवते आहे.

डॅड पुन्हा सिनेमा करतो आहे. बावीस दिवसांचं शूटिंग, एकतीस माणसं, आणि जागा म्हणजे अर्थातच आपलं घर. ‘खाली कोणी नाही’ला यंदा चाळीस वर्षं झाली, त्या निमित्ताने कोणीतरी पैसे घातले. लोक अजून त्याला पत्रं लिहितात. एकाने त्यातला जिना पाठीवर गोंदवून घेतला आहे, पायऱ्या मोजून तेरा. त्यानंतरची स्टुडिओतली चार वर्षं, जेव्हा त्याने नऊ पटकथा लिहिल्या आणि नाव दोघींवरच लागलं, ती कोणाच्या लक्षात नाहीत. पुढची व्हिडिओ कॅसेटची वर्षं, दर साल एक सिनेमा, कधी दोन, तीही नाहीत. घराला मात्र सगळं लक्षात आहे. हॉलच्या भिंतीवर रंगाचे एकोणीस थर आहेत. मी एका कोपऱ्यात खरवडून मोजले.

कंटिन्युइटी मी बघते. तू गेलास तेव्हा मी सतरा वर्षांची होते, तेव्हा हे तुला ठाऊक नसेल. इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि तरीही घरच्याच धंद्यात आले. एका शॉटमध्ये पेला डाव्या हातात अर्धा भरलेला असेल, तर पुढच्या शॉटमध्येही तो डाव्याच हातात आणि अर्धाच भरलेला हवा. ते बघायचं, लगेच छापून देणाऱ्या झटपट कॅमेऱ्याने फोटो काढायचा, खाली सीन, तारीख, वेळ लिहायची. कोण कुठे उभं होतं, दार किती इंच उघडं होतं, डॅड ‘कट’ कधी म्हणाला, सगळं वहीत. मला हे काम आवडतं. यात मत लागत नाही.

सिनेमाचं नाव ‘उसनी’. एका म्हाताऱ्या घड्याळजीची मुलगी दवाखान्यातून घरी येते आणि ती आपली मुलगी नाही असं त्याला हळूहळू वाटू लागतं. डॅडने मार्चमध्ये अकरा दिवसांत लिहिलं. मार्गी वाचून म्हणाली, “चाळीस वर्षांत याने पहिल्यांदा राक्षसाला कॉफी करायला लावली आहे. म्हातारा सुधारला म्हणायचा.” मलाही ते चांगलं वाटलं. फारच चांगलं. ही गोष्ट त्याला कुठून सुचली, हे मी विचारलं नाही.

शूटिंगपुरती मी माझ्या जुन्या खोलीत राहते आहे. तिथल्या दाराची कडी सैल झाली आहे, म्हणून मुठीखाली खुर्ची लावून झोपते. दुसरं काही कारण नाही.

कोरिन


सोमवार, ८ ऑक्टोबर
(निळा कागद)

रॉयस,

कागदाचा रंग बघून तुला कळलं असेल. पटकथा बदलली की बदललेली पानं नव्या रंगात छापायची, ती पद्धत अजून तीच आहे. आधी पांढरा, मग निळा, गुलाबी, पिवळा. उरलेल्या कोऱ्या पानांवर मी तुला लिहिते.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. राहिली नव्हती, मी गाळली होती.

शुक्रवारी प्रकाश लावताना नटीच्या जागी उभी राहणारी मुलगी आली नाही. तिची गाडी बंद पडली. जेनेल, म्हणजे सिनेमातली मुलगी, मेकअपमध्ये होती. माझी उंची तिच्याएवढी, पाच फूट सहा. म्हणून तिचं मोहरीच्या रंगाचं स्वेटर घालून, तिचा विग चढवून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. असं आपण सगळ्यांनी शंभरदा केलं आहे. डॅडने मॉनिटरवर बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा मॉनिटरवर.

“ही कोण?” तो म्हणाला.

सगळे हसले. कॅमेऱ्यामागून हेक्टर म्हणाला, “वेंडल, ती तुझी मुलगी. तिचा पगारही तूच बुडवतोस.”

डॅडही हसला, पण अर्धा सेकंद उशिरा. तो उशीर मी मोजला कारण मोजायची सवय आहे.

त्या दिवसापासून तो माझ्याशी फार चांगला वागतो. विम्याच्या माणसाशी वागतो तसा. काल सकाळी कॉफीच्या टेबलापाशी त्याने माझा कप भरला आणि विचारलं, “तुम्ही साखर घेता?”

“डॅड, मी साखर घेत नाही.”

“कोरिनही घेत नाही,” तो म्हणाला आणि कौतुकाने मान हलवली. “अभ्यास चांगला केलाय तुम्ही.”

मी मार्गीला सांगितलं. ती च्युइंगम चघळत वेळापत्रक बघत होती. “तो एकाहत्तर वर्षांचा आहे आणि रोज बारा तास उभा असतो,” ती म्हणाली. “मला तो चौऱ्याऐंशीपासून शर्ली म्हणतो. शर्ली कोण ते मी अजून विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.”

“तो मला ओळखत नाही, मार्गी.”

“तो लिहितो आहे गं. लिहिताना त्याने कधी कोणाला ओळखलंय?”

हे मला पटलं. पटवून घेतलं.

आज दुपारी मला बॅटऱ्या हव्या होत्या म्हणून त्याच्या टेबलाचा खालचा खण उघडला. आत माझे फोटो होते. चौतीस. माझ्याच कॅमेऱ्याने काढलेले, खाली माझ्याच पद्धतीने सीन, तारीख, वेळ. फक्त सीनच्या जागी ‘घर’ असं लिहिलेलं. आणि शेरे. ‘डावी भुवई वर. कोरिनची उजवी.’ ‘जिना उतरताना कठडा धरते. कोरिन धरत नाही.’ ‘घड्याळ उजव्या हातात. कोरिन डाव्या हातात घालते.’

शेवटचा शेरा खरा होता. शनिवारी ओव्हनचा चटका बसला म्हणून मी घड्याळ दुसऱ्या हातात घातलं. मी, जी लोकांना पेल्याच्या उंचीवरून बोलते, ती स्वतःचीच नोंद चुकले. मी तिथेच उभं राहून घड्याळ परत डाव्या हातात घातलं, चटक्यावर. मग वाटलं, आता त्याने बघितलं तर म्हणेल, खण उघडलाय हिने.

शेवटच्या फोटोत मी जेवणाच्या सुट्टीत सोफ्यावर झोपले आहे. फोटो माझ्या चेहऱ्यापासून साधारण चौदा इंचांवरून काढला आहे. मला जाग आली नव्हती.

तुला हे का लिहिते? कारण तू एकटाच असा आहेस की ज्याला त्या घराबद्दल समजावून सांगावं लागत नाही. डॅडचा ‘कपाटातला उन्हाळा’ मी ज्या वयात पहिल्यांदा पाहिला त्या वयात तो कोणी पाहू नये. तुला त्याने वरच्या मजल्यावरच्या कपाटात खरंच कोंडलं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २००७ साली पॅसाडीनाच्या महोत्सवात त्याने ती गोष्ट मंचावरून गंमत म्हणून सांगितली, वर तो तुकडाही दाखवला आणि हॉल हसला, तेव्हा कळलं. मीही हसले होते. तू उठून गेलास ते मी तिसऱ्या रांगेतून पाहिलं.

कोरिन


सोमवार, १५ ऑक्टोबर
(गुलाबी कागद)

रॉयस,

आता क्रमाने आणि खरं लिहिते.

सप्टेंबरमध्ये विम्याचा डॉक्टर आला होता. दिग्दर्शकाची तब्येत तपासल्याशिवाय विमा मिळत नाही आणि विम्याशिवाय सिनेमा होत नाही. त्याने डॅडला पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी परत विचारले. मी डॉक्टरच्या खुर्चीमागे उभी होते. दोन शब्दांनंतर डॅड थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी ओठ हलवले. चर्च. मखमल. लाल. डॅडने ते माझ्या तोंडावरून वाचले. म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी माझा चेहरा त्याला आधार वाटत होता. नंतर रोजच्या अहवालात ‘दिग्दर्शकाची प्रकृती उत्तम’ याखाली मी नऊ वेळा सही केली आहे.

सांगितलं तर सिनेमा त्याच दिवशी बंद होईल. हा त्याचा शेवटचा आहे आणि चांगला आहे. ‘खाली कोणी नाही’नंतर इतका चांगला पहिलाच. नाही सांगितलं तर काय, ते खाली लिहिते.

शनिवारी मी औषधाच्या दुकानात गेले होते. त्याला काही हवंय का म्हणून तिथून घरी फोन केला.

“कोण?”

“मी आहे, डॅड.”

“टाळी,” तो म्हणाला. सहाव्या वर्षापासून मी त्याच्या सेटवर शॉटच्या सुरुवातीला क्लॅपची पाटी वाजवायची, म्हणून तो मला टाळी म्हणतो; तुझ्यासमोरच सुरू झालं होतं ते. आठ दिवसांत त्याने मला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. “कुठे आहेस तू? बरी आहेस ना? किती दिवस झाले गं.”

मी म्हणाले, “बरी आहे.”

त्याचा आवाज खाली आला. “ऐक. घरी येऊ नकोस. इथे एक बाई राहते आहे. तुझे कपडे घालते. तुझ्या खोलीत झोपते, आतून दाराला खुर्ची लावते. कोणाला काही कळलेलं नाही. मार्गीलासुद्धा.”

“ती तुला काही करते का?”

“नाही. शांत असते. सगळं लिहून घेते. त्याचीच भीती वाटते. मी काय बोललो, कुठे उभा होतो, सगळं लिहून घेते. माझ्यानंतर माझीही जागा कोणीतरी घेईल, त्याची ही तयारी आहे.”

“डॅड...”

“काळजी करू नकोस. शुक्रवारी मी तिचा बंदोबस्त करतो. सीन अठ्ठावन्न.”

मी गाडीत बावीस मिनिटं बसून राहिले. गाडी बंद, काचा वर, बाहेर टेकड्यांवरून कोरडा वारा. मग घरी गेले, कारण दुसरीकडे कुठे जाणार. दार त्यानेच उघडलं. अदबीने बाजूला झाला आणि म्हणाला, “या. बराच वेळ लागला तुम्हाला.”

रविवारी एका मेंदूच्या डॉक्टरीणबाईंशी नाव न सांगता बोलले. त्या म्हणाल्या, डोळे चेहरा ओळखतात, पण ओळखीच्या माणसाला बघून आत जी ऊब वाटते ती वाटत नाही. मग मन निष्कर्ष काढतं की ही हुबेहूब दिसणारी दुसरीच आहे. आवाजाची वाट वेगळी असते, ती बरेचदा शाबूत राहते. मी विचारलं, असा माणूस धोकादायक असतो का? त्यांनी मला विचारलं, “तुम्ही त्याच घरात राहता का?” मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, “आजपासून राहू नका.”

आज सकाळी गुलाबी पानं आली. पानं सगळ्यात आधी माझ्याकडे येतात. सीन अठ्ठावन्न असा आहे: घड्याळजी त्या बाईला वरच्या मजल्यावरच्या कपाटात कोंडतो आणि बाहेरून दार स्क्रू पिळून बंद करतो. पुढे त्याने लिहिलंय, ‘आतून आवाज येत राहतो. मग येत नाही. तो उभा राहतो. कट नाही.’ सामानाच्या यादीत त्याने स्वतः भर घातली आहे: लोखंडी पट्ट्या दोन, स्क्रू चार इंची, नग चोवीस. कपाट तेच आहे, रॉयस. आपल्याकडे दुसरं नाही.

त्यात प्रकाश लावताना आत कोणी उभं राहायचं, त्यापुढे कोणाचंही नाव नाही. फक्त ‘ती’.

मला भीती वाटते. हे वाक्य मी आधीच्या दोन पत्रांत लिहून खोडलं होतं.

कोरिन


शनिवार, २० ऑक्टोबर
(पिवळा कागद)

रॉयस,

मी जिवंत आहे, हे आधी.

गुरुवारी मी मार्गीला सगळं सांगितलं. फोटो दाखवले. तिने च्युइंगम कागदात गुंडाळून खिशात ठेवलं. “शुक्रवार होऊ दे,” ती म्हणाली. “शनिवारी सकाळी मी स्वतः त्याला डॉक्टरकडे नेते. कपाटाजवळ तू फिरकू नकोस, बस्स.” मी सामान खात्यातल्या माणसाकडून चार इंची स्क्रू काढून घेतले आणि अर्ध्या इंचाचे ठेवले. कपाटाचा सीन दुपारी चारनंतर होता. त्या रात्रीपासून मी हॉटेलात राहायची व्यवस्था केली होती. सगळं नीट आखलं होतं.

दुपारी साडेतीनला जेवणाची सुट्टी होती. सगळे मागच्या अंगणात, जनरेटर चालू. मी वर गेले ते फक्त कपाटाचा आदल्या दिवशीचा फोटो आणि आत्ताची मांडणी जुळते का ते दारातून बघायला. फोटोत सहा हँगर होते. कपाटात सात.

एवढंच. एक हँगर जास्त होता. लाकडी, पांढरा, अगदी आतल्या टोकाला. मी आत पाऊल टाकून तो काढायला हात लांबवला आणि मागे दार लागलं.

तो हँगर त्याने लावला होता, रॉयस. नुसती चूक पाहून मी परत जाऊ शकत नाही हे त्याला माहीत होतं. मी कोरिन आहे यावर त्याचा विश्वास नव्हता, पण कोरिन काय करेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग स्क्रू. अर्ध्या इंचाचे नव्हते. त्याने स्वतःचे आणले होते; एकेक आत जायला जो वेळ लागला त्यावरून कळलं. बारापर्यंत मोजले.

आत अडतीस इंच रुंदी, सव्वीस इंच खोली. तुला आठ वर्षांचा असताना ते मोठं वाटलं असेल. मी ओरडले. एकदाच, पूर्ण ताकदीने. खालून कोणीतरी हसून म्हणालं, “जेनेल काय सराव करतेय बघ.” तेव्हा कळलं, या घरात ओरडलं तर कोणीही धावत येणार नाही. चाळीस वर्षं इथे ओरडण्याचंच काम चालतं.

खिशात फोन होता. मार्गीला लावला, तिने उचलला नाही. जनरेटरजवळ तिला कधीच ऐकू येत नाही. मग मी डॅडला लावला.

दाराबाहेर, तीन फुटांवर, त्याचा फोन वाजला.

“टाळी,” तो म्हणाला. मला त्याचा आवाज आधी दारातून ऐकू आला, मग फोनमधून, साधारण पाव सेकंदाने. “झालं गं काम. कोंडलं तिला.”

मी तोंडावर हात धरून कुजबुजले. “डॅड, उघड तिला.”

“नाही. आणि ती आता तुझा आवाज काढते आहे. ऐकू येतंय का तुला? हुबेहूब. बारीक बोलतेय.”

मी तोंडावरचा हात तसाच ठेवला. माझ्या श्वासाचा आवाज त्याला दोन्हीकडून जात असणार.

“रॉयसच्या वेळी मी चुकलो,” तो म्हणाला. “मी उघडू दिलं.”

“काय झालं होतं रॉयसच्या वेळी?”

तो बोलला. मी तुला ते त्याच्या शब्दांत देते, कारण ते तुझं आहे.

“पाटी वाजवलीच नव्हती. वाजवली असती तर पोराला कळलं असतं की कॅमेरा चालू आहे. त्याला खरं वाटायला हवं होतं. अकरा मिनिटांचं रीळ होतं. तो आधी ओरडला, मग रडला, मग मला हाका मारल्या. मग गप्प झाला. रीळ संपलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कट म्हटलं नव्हतं, म्हणून कोणी हललं नाही.”

“तू का नाही म्हटलंस?”

“तो गप्प झाला होता गं. मला दार उघडायची भीती वाटली. आत काय असेल, असं वाटलं. मी आयुष्यभर लोकांना हीच भीती विकली आणि मला माझ्याच घरातलं दार उघडता येईना. चाळीस मिनिटं. शेवटी मार्गीने मला बाजूला ढकललं आणि उघडलं. बाहेर आला तो रॉयस नव्हता. दिसायला तोच. पण माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला ती नजर रॉयसची नव्हती. मी अठरा वर्षं त्याला सांभाळला. तो निघून गेला तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता खरा परत येईल.”

अंधारात मला माझा हात दिसत नव्हता. तुझ्या बोटांचे ओरखडे दाराच्या आतल्या बाजूला अजून आहेत, हाताला लागतात, जमिनीपासून तीस इंचांवर. रंग त्यांच्यावर लागलेला नाही. आतून रंगवायची गरज कधी कोणाला पडली नाही.

“डॅड,” मी म्हणाले, “म्हणजे तो शॉट अजून चालूच आहे.”

“हो,” तो म्हणाला. “असं म्हणता येईल.”

“मग कट म्हण.”

“असं कसं म्हणणार? पाटी वाजली नाही.”

आणि तो बरोबर होता. सुरुवातीला पाटी वाजवली नसेल तर शेवटी ती उलटी धरून वाजवायची असते. त्या टाळीच्या आवाजावर चित्र आणि आवाज एकमेकांना जुळवतात. त्याशिवाय माणूस एकीकडे बोलतो आणि ओठ दुसरीकडे हलतात.

“मी वाजवते,” मी म्हणाले. “माझंच काम आहे ते. ‘कपाटातला उन्हाळा’. शेवटची पाटी.”

फोन खांद्याने कानाला दाबून धरला आणि दोन्ही हातांनी एकदा टाळी वाजवली.

त्याला ती दारातून ऐकू गेली आणि फोनमधून. मी वाट बघितली. मी इतकी घाबरले होते की मोजायचं विसरले. या नोंदीत तेवढी एक जागा रिकामी आहे.

“पाव सेकंद मागे आहे,” शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. कामावरचा आवाज होता तो. “फोनमधली. दारातली पुढे आहे.”

“मग सरकव.”

“एकच टाळी आहे,” तो स्वतःशी म्हणाला. “दोन नाहीत. एकच आहे.”

मग तो ‘कट’ म्हणाला. मोठ्याने, सगळ्या सेटला ऐकू जाईल असा. खाली अंगणात बोलणं थांबलं. जिन्यावर पावलं वाजली, मार्गीचा आवाज आला, आणि तो तिला म्हणाला, “थांब, शर्ली. हे मी उघडणार.”

बारा स्क्रू काढायला नऊ मिनिटं लागली. तेवढा वेळ मी फोनवर बोलत राहिले. काय बोलले ते सांगत नाही.

दार उघडलं तेव्हा मी फोन कानालाच धरून उभी होते. त्याचाही फोन कानाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. हा सिनेमा असता तर इथे त्याने मला ओळखलं असतं. त्याने नाही ओळखलं. पण तो मागे सरला नाही. माझ्याकडे बघत बघत तो फोनमध्ये म्हणाला, “टाळी, ही बाई रडते आहे.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “तिला पाणी दे.”

तो खाली गेला आणि पाणी घेऊन आला. पेला डाव्या हातात, अर्धा भरलेला.

विमा कंपनीला मी आज सगळं लिहून कळवलं, पाच शब्दांसकट. सिनेमा थांबला आहे. माझं काय करायचं ते कंपनी ठरवेल. डॅडला दवाखान्यात ठेवलं आहे. मार्गी त्याच्याजवळ आहे, मी बाहेर बाकावर बसून त्याला दिवसातून तीनदा फोन करते. आमचं बरं चाललं आहे. अजून मी आरशात बघते तेव्हा आधी उजवी भुवई तपासते. ते जाईल, किंवा नाही जाणार.

दवाखान्याचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिला आहे. तो तुझ्याबद्दल विचारतो. फोन करावास असं मी म्हणत नाही. तो हक्क मी तिसऱ्या रांगेत बसून हसले तेव्हाच गमावला. पण आवाज त्याला ओळखता येतो, आणि तुझा खरा आवाज कसा होता हे त्याला आठवतं.

तू कपाटात होतास त्या दिवसाचा शूटिंगच्या नोंदींचा तक्ता मार्गीच्या गोदामात सापडला. ‘कट’ची जागा कोरी होती. कोणीतरी ती भरायला हवी होती, आणि हे माझं काम आहे, म्हणून मी भरली. नक्कल तुझ्यासाठी:

कपाटातला उन्हाळा. सीन २३, टेक १. सुरुवातीला पाटी नाही, शेवटी आहे.
शॉट सुरू: १४ जुलै १९८९, दुपारी २.०५.
कट: १९ ऑक्टोबर २०१८, दुपारी ४.१२.
आत असलेली व्यक्ती बाहेर आली.

कोरिन